कापलेली पट्टी

झेरॉक्सच्या मशीनमधून निघालेला कागद हाताला गरम लागतो आणि त्याला एक करपट वास असतो. तो वास आला की मला अजूनही भूक लागते. आमच्या कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान आणि आलूबोंड्याची गाडी शेजारीशेजारी होती. एका हातात गरम कागद आणि दुसऱ्या हातात गरम बोंडा, अशी आमची कॉलेजची वर्षं गेली. बोंड्यावर रस्सा ओतून घ्यायचा आणि तो कागदावर सांडू नये म्हणून मान वाकडी करून खायचं. तरी सांडायचाच. माझ्या नोट्सवर जितके तेलाचे डाग होते तितके आमच्या अर्थशास्त्राच्या सरांच्या धोतरावरही नसतील, आणि सर धोतर नेसत नसत.

परवा अमरावतीला कचेरीच्या कामानं जाणं झालं. मी अकोल्याला पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरीला आहे. अर्जासोबत जोडायच्या काही प्रती काढायच्या राहिल्या होत्या, म्हणून रिक्षावाल्याला म्हटलं, जुन्या कॉलेजसमोर थांबव. बोंड्याची गाडी नव्हती. कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर सावली धरणारा कडुनिंब नव्हता. तिथं आता दुचाक्यांसाठी पत्र्याचं छप्पर होतं. दुकान मात्र होतं, आणि चांगलं बाळसं धरलेलं होतं. काउंटरवर प्लास्टिकच्या पिशव्यांत नोट्सचे गठ्ठे रचून ठेवले होते, बाजारात मेथीच्या जुड्या रचतात तसे. सगळ्यांत वरच्या पिशवीवर स्केचपेननं लिहिलं होतं, 'बी. ए. अर्थशास्त्र, सरांच्या नोट्स'.

माझ्या प्रती निघेपर्यंत वेळ होता. सहज एक पिशवी उचलली, पहिलं पान बाहेर ओढलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

ते अक्षर रंजनाचं होतं.

रंजना माझी खोलीतली जोडीदारीण. तिचा ळ म्हणजे दोन दाण्यांची भुईमुगाची शेंग, खाली देठ सुटलेला. तसा ळ वऱ्हाडात दुसरं कुणी काढत नाही. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स, असं होत होत अक्षर फिकं आणि दाणेदार झालं होतं, पण शेंगा जागच्या जागी होत्या. पानभर होत्या. आणि पानाच्या डाव्या बाजूला काहीच नव्हतं. तिथं काठच नव्हता. ओळी थेट कागदाच्या कडेला जाऊन टेकल्या होत्या.

"या कुणाच्या नोट्स आहेत?" मी विचारलं.

"सरच्या," मालक म्हणाला. माणूस तिशीतला. आमच्या वेळी त्याचे वडील बसायचे. "सर रिटायर झाले, पण नोट्स चालतेच. पोट्टे दुसरं काही मांगतच नाई."

"हे अक्षर सरांचं नाही."

"असन कोणाचं तरी, मॅडम. आपल्याले काय करा लागते?"

"याच्या डावीकडे एक पट्टी होती. ती कुठाय?"

तेव्हा त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "हां, होती म्हणे. पेन्सिलनं कायतरी खरडलेलं होतं तथी. मशीनवर काळं काळं ये. बाबानं मंग त्याच्यावर कागद ठेवून झाकलं, मास्टर कॉपी काढली अन् कोरी बाजू कापून टाकली. बरंच झालं न, आता एका कागदावर दोन पानं बसते."

बरंच झालं म्हणे! मी पैसे त्याच्या पुढ्यात टाकले, पिशवी उचलली, आणि माझ्या कचेरीच्या प्रती तिथंच विसरून बाहेर पडले. त्या घ्यायला पुन्हा आत जावं लागलं. रागावलेल्या माणसाची अशी फजिती होते, आणि त्यानं राग दुप्पट होतो.

त्या पट्टीत काय होतं ते मला पाठ आहे.

रंजना नांदगाव खंडेश्वरकडची. घरी बागायत थोडी, पण भाजी बारा महिने. वांगी, अंबाडी, सांभार, आणि कडेनं झेंडू. कोथिंबिरीला आम्ही सांभारच म्हणतो. पुण्याच्या एका पाहुणीनं एकदा सांभार आण म्हटल्यावर पातेलं काढलं होतं. सोमवारी सकाळच्या एसटीनं रंजना यायची ती थैला भरून. खोलीचं दार उघडलं की आधी सांभाराचा वास आत यायचा आणि मागून ती. तिच्या ओढणीला, तिच्या पुस्तकांना, कंपासपेटीलासुद्धा झेंडूच्या देठांचा उग्र, हिरवा वास असायचा. मला तो आवडत नसे. आता रस्त्यात कुठं हारवाला दिसला की मी उगाच थांबते.

हिवाळ्यात आम्ही संत्री सोलून सालं पुस्तकांच्या पानांत ठेवायचो. वाळली की पानं पिवळी पडायची आणि पुढं वर्षभर राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रकरणाला आंबटगोड वास यायचा. उन्हाळ्यात घरमालकाच्या कूलरला नवा वाळा बसला की आम्ही त्यांच्या खिडकीखाली सतरंजी टाकून अभ्यास करायचो, फुकटची हवा खात. लिहिताना मनगटाला घाम यायचा आणि शाई पसरायची, म्हणून तळहाताखाली रुमाल. त्या रुमालावर उलटी अक्षरं उमटायची. रंजना तो आरशासमोर धरून वाचायची आणि म्हणायची, "पाय व, रुमाल बी पास होते आता."

तिला सोडायला पहिल्या दिवशी तिचे बाबा आले होते. खोलीत बसले नाहीत, दारातच उभे राहिले. जाताना म्हणाले, "पाय पोरी, पास होत गेली तं शिकवतो. एखादा विषय उडाला का मंग घरी. माह्यानं दुसऱ्यांदा नाई होनार." आवाजात धमकी नव्हती. आपल्याला किती ओझं झेपेल ते माणूस सांगतो, तसं सांगितलं. रंजनानं मान हलवली. ती गोष्ट तिच्या डोक्यात घट्ट बसली होती आणि माझ्याही. कॉलेजात आम्ही सगळ्या पास व्हायला आलो होतो, पण नापास होणं एकटीलाच परवडणारं नव्हतं.

आणि आम्हाला अर्थशास्त्राला मिळाले ते पूर्णविराम सर.

हे नाव आम्हीच ठेवलेलं. सर वर्गात यायचे, खुर्ची फडक्यानं पुसायचे, पिवळ्या पडलेल्या कागदांची चळत काढायचे आणि म्हणायचे, "लिहा." मग तास संपेपर्यंत सांगत राहायचे. "उत्पादनाचा एक घटक स्थिर ठेवून, स्वल्पविराम, अन्य घटकांत वाढ केली असता, स्वल्पविराम..." असं सगळं विरामचिन्हांसकट. शेवटी "पूर्णविराम. नवीन परिच्छेद." सगळा वर्ग खाली माना घालून खरडायचा. पंख्याचा आवाज, शाईच्या पेनांचा आवाज, आणि मध्येच कुणीतरी कुजबुजायचं, 'स्थिरच्या पुढे काय?' त्या तासात कुणाला काही समजलं असेल असं मला वाटत नाही. समजायचं नसतंच, उतरवायचं असतं, हे आम्हाला शाळेपासून ठाऊक होतं. आमच्या बाकावरची एक मुलगी इतकी प्रामाणिक होती की तिनं वर्षभर 'पूर्णविराम' आणि 'नवीन परिच्छेद' हे शब्दसुद्धा वहीत लिहून काढले. हसू नका. तिचं पुढं काय झालं ते सांगते.

रंजना लिहायचीच नाही. पेन बाकावर आडवं ठेवायची, हाताची घडी घालायची आणि सरांच्या तोंडाकडे बघत बसायची. सुरुवातीला मला वाटलं, हिला घाई जमत नसेल. विचारलं तर म्हणाली, "हात चालू असला का कान बंद होते माहे." तास सुटला की ती मला ओढत मागच्या पायऱ्यांवर न्यायची. कडुनिंबाखाली बसायचं आणि आत्ता काय ऐकलं ते सांगायचं. तेही सरांच्या भाषेत सांगितलेलं चालायचं नाही.

"तुह्या मायले सांगशीन तसं सांग."

"अगं, माझ्या आईला घटत्या फलाशी काय करायचंय?"

"मंग तुले तरी काय करा लागते?"

मी अडखळत सांगायची, ती मध्येच तोडायची, मग ती सांगायची. भांडणं व्हायची. निंबोळ्या टपाटपा वहीवर पडायच्या. जे दोघींना कळलं असं वाटायचं तेवढंच ती लिहायची, आपल्या शब्दांत, एका विषयाला एकच पान. घटत्या फलाच्या नियमाला तिनं लिहिलं होतं: 'समजा, वांग्याचा एक वाफा आहे. निंदायला आई बसली. मग काकू आली, काम लवकर उरकू लागलं. मग मी. मग आत्या आली, तर तिला बसायला जागाच नाही. ती आमच्या पायावर पाय देते आणि गावच्या गोष्टी सांगते. वाफा तेवढाच आहे.' संपलं. मला तो नियम आजही विसरता येत नाही. कचेरीत चौथा साहेब वाढला की मला आत्या दिसते.

आणि प्रत्येक पानाला डाव्या हाताला ती चार बोटं जागा कोरी सोडायची. कागद वाया जातो म्हणून मी कुरकुरले तेव्हा तिनं माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "वाफ्यात पाय ठेवाले जागा सोडतो का नाई आमी? सगळंच पेरून टाकलं तं पानी कुठून देशीन? तन काढाले कुठून शिरशीन?" त्या कोऱ्या पट्टीत ती दुसऱ्या दिवशी पेन्सिलनं प्रश्न लिहायची. पेन्सिल यासाठी की प्रश्न सुटला तर खोडता यावा. परीक्षेच्या वेळी उजवीकडचं पान हातानं झाकायचं आणि नुसती पट्टी वाचायची. उत्तर आठवलं तर पुढं जायचं, नाहीतर हात उचलायचा. अभ्यासाची याहून सोपी आणि याहून चांगली रीत मला पुढं कुणी शिकवली नाही. आजही मीटिंगला बसले की मी डावीकडे चार बोटं सोडते, आणि शेजारचे साहेब म्हणतात, मॅडम, कागद वाचवा.

वांग्याच्या वाफ्याशेजारी तिनं पेन्सिलनं लिहिलं होतं: 'आई, काकू, आत्या, यांची मजुरी कुणी धरली? काहून नाही धरली?' 'का' न लिहिता ती वहीतही 'काहून'च लिहायची. राष्ट्रीय उत्पन्नाच्या पानाशेजारी: 'आई भाकरी थापते ते उत्पन्नात नाही. तीच भाकरी खानावळीत थापली तर आहे. काहून?' हे तिनं वर्गात विचारलंही होतं. उभी राहून, हात मागे बांधून, शाळेत विचारतात तसं. सर कागदावरून वर बघत म्हणाले, "हे अभ्यासक्रमात नाही. बसा. लिहा." सगळी मुलं हसली. ती बसली आणि पट्टीत तो प्रश्न तिनं खोडला नाही.

तिची पानं मात्र साऱ्या वर्गात फिरायची. परीक्षा जवळ आली की खोलीचं दार वाजायचं. हसणारेच सगळ्यांत आधी यायचे. "रंजना, ते राष्ट्रीय उत्पन्नाचं पान दे न व." ती देऊन टाकायची, पट्टीसकट. समोरच्या दुकानात ती पानं मशीनवर पालथी पडायची आणि गरम होऊन परत यायची. सरांच्या वह्या बाजूला ठेवून सगळे तिच्या पानांवरून अभ्यास करायचे.

दुसऱ्या वर्षी सरांनी जाहीर केलं की वहीला गुण मिळतील. वर्षभर सांगितलेलं सगळं वहीत पूर्ण हवं. वही अपुरी असली तर शून्य, आणि ते शून्य अंगावर घेऊन विषय सुटणं कठीण.

माझी उतरवून घेतलेली वही मी तिच्यापुढे टाकली. म्हटलं, बस आणि उतरव. तिनं बसून पाहिलं. खूप पानं उतरवली. सरांच्या वाक्यांत तिचं अक्षरच बदलायचं. ते दबकत चालायचं, ळ सुकलेल्या शेंगेसारखा व्हायचा. मग एका दुपारी तिनं ती पानं बाजूला ठेवली. "मले समजत नाई असं लिवून त्यायले काहून दाखवू? समजलेलंच दाखवतो न." मी पुष्कळ समजावलं. बाबांच्या बोलण्याची आठवण करून दिली. ती म्हणाली, "सर मास्तर हायेत. वाचतीन. वाचलं का कळनच न त्यायले."

हा तिचा विश्वास. भाजी विकणाऱ्या घरातला विश्वास, की चांगला माल समोर ठेवला तर गिऱ्हाईक हात लावून बघतं आणि मान डोलावतं. या विश्वासाचा मला अजून राग येतो आणि तो ज्यानं मोडला त्याचा त्याहून जास्त.

सरांनी वह्या तपासल्या त्या अंगठ्यानं. पानं फर्रकन सोडायची, जाडी बघायची, सही ठोकायची. 'पूर्णविराम, नवीन परिच्छेद' लिहिणाऱ्या मुलीला पैकीच्या पैकी गुण मिळाले. मी स्वतः पाहिलं. माझ्या वहीत मधली कितीतरी पानं कोरी होती, मलाही भरघोस मिळाले. फक्त रंजनाची, आपलीच पानं शिवून केलेली वही त्यांच्या हातात थांबली. त्यांनी ती उघडली, वाचली, पान उलटलं, पुढचं वाचलं. साऱ्या वर्गात त्या एकाच वहीचं पान न पान वाचलं गेलं. मी शेजारी उभी होते आणि मला, मूर्ख बाईला, आनंद होत होता.

"हे माझे शब्द नाहीत," सर म्हणाले.

"नाई सर. माहे हायेत," रंजना म्हणाली.

"वही माझ्याकडे राहू द्या."

वहीला शून्य. लेखी परीक्षेत तिनं वांग्याचा वाफा लिहिला असणार, तिथंही कुणा परीक्षकाला तो रुचला नाही. बाकी सगळे विषय सुटले, अर्थशास्त्र राहिलं. तिच्या पानांवरून अभ्यास केलेली आमची खोली, शेजारची खोली, समोरच्या गल्लीतल्या मुली, सगळ्या पास. तिचे बाबा थैला घेऊन आले. त्या वेळी थैला रिकामा होता, सामान भरून न्यायला आणलेला. ते मला म्हणाले, "तिनं अभ्यास तं केला असन न?" मी म्हटलं, तिच्याच पानांवरून आम्ही सगळ्या पास झालो. ते ऐकून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. एसटीच्या खिडकीतून रंजनानं हात हलवला आणि गाडी बडनेऱ्याच्या बाजूला वळली. खोलीतला झेंडूचा वास पुढं महिनाभर गेला नाही.

वही मागायला मी सरांकडे गेले होते. ते म्हणाले, सापडत नाही.

पुढच्या वर्षाची गोष्ट. पाऊस संपून ऊन तापायला लागलं होतं. मी व्हरांड्यातून ग्रंथालयाकडे चालले होते आणि दुसऱ्या वर्षाच्या वर्गाच्या खिडकीतून सरांचा आवाज आला. "समजा, वांग्याचा एक वाफा आहे, पूर्णविराम. निंदायला आई बसली, पूर्णविराम. मग काकू आली, स्वल्पविराम..."

मी दारात उभी राहिले. आत सगळ्या माना खाली, पंखा, पेनांचा आवाज. सर टेबलावर ठेवलेल्या वहीतून सांगत होते. वहीच्या पुठ्ठ्यावर संत्र्याच्या रसाचा डाग होता, तो आमच्या खोलीत पडलेला.

"सर," मी ओरडले, "हा वाफा कोणाचा आहे?"

सगळ्या माना वर झाल्या. सरांनी वही मिटली. "तुमचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे. बाहेर व्हा."

"मी बाहेरच आहे सर. वाफा कोणाचा तेवढं सांगा."

मला प्राचार्यांपुढे उभं केलं गेलं. मी सगळं सांगितलं, रडत नाही, तावातावानं. प्राचार्य शांतपणे चहा ढवळत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "मग चांगलंच आहे की. एका विद्यार्थिनीचं उदाहरण सर वर्गात सांगतात, हे कौतुकच झालं." आयत्या बिळावर नागोबा, आणि वर आम्हीच त्याला दूध पाजावं! मी माफी मागावी असं ठरलं. मी मागितली नाही. वर्ष कसंबसं पार पडलं, आणि ती वही पुढं टेबलावरून दुकानात कशी गेली ते मला माहीत नाही. गेली. सरांच्या नोट्स म्हणून गेली.

वर्षानुवर्षं मुलं ती विकत घेत आली आहेत. वांग्याचा वाफा पाठ करत आली आहेत, जसा आम्ही स्थिर घटक पाठ करायचो तसा. ज्या बाईनं उतरवून घ्यायला नकार दिला, तिचंच सगळे उतरवतात. आणि तिचा प्रश्न तेवढा काढून टाकला, कारण मशीनवर काळं येत होतं.

रविवारी मी ती पिशवी घेऊन अचलपूरची एसटी पकडली. रंजनाचं सासर अचलपूरच्या बाहेर, झेंडूच्या मळ्यात. लग्नकार्यात आमची भेट होते, दिवाळीला फोन होतो, पण असं मुद्दाम जाणं बऱ्याच दिवसांनी. ती अंगणात पोत्यावर बसून हार ओवत होती. मला बघून उठली नाही, नुसती सरकली आणि पोत्यावर जागा केली. तोच उग्र, हिरवा वास.

"काय व, आज कशी काय वाट चुकली?"

मी पिशवीतले कागद काढून तिच्यापुढे पसरले. तिनं फुलांचे हात पदराला पुसले, एक कागद उचलला आणि जरा लांब धरून वाचला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. दुकानात उसळला तसाच राग तिथं दिसेल अशी माझी खात्री होती.

"हे तं हाय माह्यापाशी," ती म्हणाली. उठली, आत गेली, आणि तसलीच प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. तेच स्केचपेन, 'सरांच्या नोट्स'. "पूनमनं आनलं. तथीच शिकून राहिली न ती आता."

पूनम तिची मुलगी. ती अमरावतीला शिकायला गेल्याचं मला ठाऊक होतं. त्याच कॉलेजात, तोच विषय, हे ठाऊक नव्हतं. पोरीनं आईच्याच हाताचं लिखाण, ते फिकं अक्षर न ओळखता, रोख पैसे मोजून विकत आणलं होतं.

"तिला सांगितलंस?"

"नाई."

"काहून नाही?" मी इतक्या जोरात विचारलं की कुंपणावरची पाखरं उडाली.

"काय सांगू? हे तुह्या मायचं अक्षर हाय म्हनून? पोट्टी पयलं इचारन, मंग माय, तू नापास काहून झाली?"

मी भडकले. म्हटलं, मी त्या दुकानदाराला सोडणार नाही. सर अजून आहेत, त्यांच्या दारात जाऊन उभी राहीन, शेजारपाजार गोळा करीन. तुझं नाव त्या पिशवीवर लिहायला लावीन. मी बराच वेळ बोलत होते. ती ओवत होती. सुई एकेका फुलाच्या मधोमध जात होती आणि हार वाढत होता.

"नावाचं काय करू मी?" ती शेवटी म्हणाली, आणि तेव्हा मला तिचा आवाज कळला. तो निवलेला नव्हता. माझा राग सारखा उकळून सांडतो. तिचा इतकी वर्षं झाकण ठेवून मंद आचेवर होता. "नाव घालून तेच इकतीन. मले राग त्याचा नाई. उजव्या हाताचं सगळं पुस्तकात होतंच, मी फक्त सोपं केलं. माहं होतं ते पट्टीत होतं. तेच कापलं त्यायनं."

सुई थांबली. तिनं हाराला गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला.

"पूनमनं हे वाचाले घेतलं तवा मी जवळ बसली. पाह्यलं, डाव्या हाताले जागाच नाई. मंग म्हटलं तिले, कोरे कागद घे, अन् हे तुह्या शब्दात लिवून काढ. डाव्या हाताले चार बोटं जागा सोड."

"मग?"

"तं मले म्हनते, काहून?"

रंजनानं पुढचा दोरा सुईत घातला. एका डोळ्यानं, नेम धरून.

"म्हटलं, हेच. हेच लिव तथी."